तुळईच्या आकड्याखालचं घर

तो मोठा दिवा घालवा जरा. स्वयंपाकघरातला असू दे, तेवढा उजेड पुरे. जुई, पांघरूण ओढून घे, आणि मध्ये मध्ये बोलू नकोस. ही काही कुठे वाचलेली गोष्ट नव्हे. जिच्या बाबतीत घडली ती उल्का अजून त्याच घरात राहते, अ‍ॅमस्टरडॅमला. आपल्या रायस्वाइकहून तासाभराची तर गाडी. उद्या फोन लावून विचारा.

उल्का लालबागची. नवरा विश्वास, कॉम्प्युटरवाला, पुण्याच्या कंपनीने इकडे पाठवलेला. पहिलं वर्ष तिने खिडकीतून ट्रामा मोजत काढलं. मग शहराच्या दफ्तरखान्यात काम मिळालं. जुने फोटो आणि नकाशे एकेक करून मशीनखाली ठेवायचे आणि कॉम्प्युटरात चढवायचे. या लोकांची एक पद्धत आहे. गल्ली पाडायची ठरली की आधी माणूस पाठवून प्रत्येक घराचा समोरून फोटो काढतात, मागे घराचा नंबर आणि ‘रिकामं’ असा शिक्का मारतात, आणि मगच हातोडा. घर जातं, फोटो राहतो.

दोन हजार पाच सालचा डिसेंबर. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार, बावीस तारीख. सकाळी तिथल्या योके नावाच्या जुन्या बाईंनी उल्काला तळघरातून एक खोकं आणायला पाठवलं. खोकं उघडलं तर आत तिचीच गल्ली!

तीस वर्षांपूर्वी ती अख्खी गल्ली पाडून नवी बांधायची होती. दोन्ही टोकांची घरं गेलीसुद्धा. मधली चार तेवढी का कोण जाणे, वाचली. आणि त्या चारांतल्या एका घरात, दुसऱ्या मजल्यावर, उल्का भाड्याने राहत होती. आता घरं भाड्याने देणाऱ्या संस्थेची नोटीस आली होती : घराच्या पायातले लाकडी खांब कुजलेत, एकतीस डिसेंबरच्या आत खाली करा. बाकीचे भाडेकरू निघून गेले. शेजारच्या घरात एक मराठी गृहस्थ होते, त्यांचीही बांधाबांध चालली होती. उल्का मात्र हलेना. तिच्या वडिलांच्या चाळीलाही असंच सांगितलं होतं, सहा महिन्यांत परत याल. वडील ट्रान्झिट कॅम्पातच वारले, चाळीच्या जागी उभा राहिलेला टॉवर त्यांनी तेवढा बसमधून पाहिला. तेव्हा उल्काने मनाशी ठरवलेलं, पुन्हा कुणी ‘उठा’ म्हटलं तर उठायचं नाही.

तर तो फोटो. तिचंच घर, पण मागे ‘रिकामं’चा शिक्का नाही. तिथल्या घरांचे जिने तुम्हाला माहीत आहेत, शिडी परवडली. कपाट, पलंग काही त्यातून चढत नाही. म्हणून माथ्यावर एक तुळई बाहेर काढलेली असते, तिला लोखंडी आकडा, त्यावरून दोर टाकून सामान खिडकीतून वर-खाली. फोटोत वरच्या मजल्याच्या खिडकीतून असंच काहीतरी दोराने उतरत होतं. लांबट, घोंगडीत गुंडाळलेलं.

“कपाट असेल,” उल्का म्हणाली.

योकेबाईंनी चष्मा लावला. “खालची माणसं बघ.”

खालच्या चारही माणसांनी टोप्या काढून हातात धरल्या होत्या. कपाट उतरवताना कुणी टोपी काढतं का?

“म्हातारी घर सोडेना,” योकेबाई म्हणाल्या. “दाराने आत आले, दारानेच जाईन, आणि माझ्या मनात येईल तेव्हा जाईन, असं म्हणायची. पोलीस यायच्या आदल्या दिवशी खिडकीतल्या खुर्चीत मेली. शवपेटी जिन्यातून वळेना. मग अशी काढली.”

“म्हणजे उंबरठा ओलांडून गेलीच नाही?”

योकेबाईंना त्या प्रश्नाचा अर्थ कळला नाही. तुम्हाला कळला ना?

संध्याकाळी उल्का घरी आली. साडेचारलाच दिवस बुडालेला. तिने आंघोळ केली, कलश मांडला, समई लावली, कहाणी वाचली. आता हळदीकुंकू द्यायला कुणी हवं. पण घरात कोण उरलंय? खालचा मजला रिकामा, वरच्याला संस्थेने फळ्या ठोकलेल्या. देवीकडे बघून ती वैतागून म्हणाली, “कुणी तरी एक बाई पाठव गं आई. कुणीही चालेल.”

असं बोलू नये, पोरांनो.

जिन्यात पावलं वाजली. सपातांची, सावकाश. दारावर टकटक.

दारात एक गोरी म्हातारी. अंगात एप्रन, केस पिनांनी घट्ट बसवलेले. तिने हात पुढे केला आणि इथल्या रीतीने नुसतं आडनाव सांगितलं, “स्टाम.” उल्काला वाटलं, मागच्या गल्लीतली कुणी असेल, नोटिशीचं ऐकून आली असेल. तिने “या, या” म्हणून आत घेतलं. म्हातारी कुणी न सांगता खिडकीपाशी गेली आणि तिथल्या खुर्चीत बसली.

उल्काने मोडक्यातोडक्या डचमध्ये समजावलं, आज आमच्यात लग्न झालेल्या बायकांना कपाळाला लावतात.

“माझा नवरा नाही,” म्हातारी म्हणाली. “कधीच वारला.”

उल्काची आई असती तर करंडा मागे घेतला असता. उल्का म्हणाली, “असू दे. तुम्ही आहात ना?” आणि हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. कपाळ खिडकीच्या काचेसारखं गार. बाहेरची थंडी, दुसरं काय, असं ती मनात म्हणाली. तिने दूध दिलं, हातात एक मँडरिन, इथलं छोटं संत्रं, ठेवलं.

म्हातारीने खोलीत नजर फिरवली. “जाताय?”

“जा म्हणतात. मी जाणार नाही.”

“शाब्बास.” म्हातारी पहिल्यांदाच हसली. उठली, दाराशी गेली. आणि उल्का, आपल्याकडची कुठलीही बाई म्हणेल तेच म्हणाली. “या हं परत! पुढच्या गुरुवारी उद्यापन आहे. नक्की या.”

म्हातारी वळली. उल्काकडे बघत राहिली. होकाराची मान हलवली.

दार लावल्यावर उल्का पेला उचलायला गेली. दूध तसंच होतं. जिन्यात पावलं वाजत होती. सपातांची, सावकाश.

वर चढत होती.

विश्वास घरी आला तेव्हा ती समईपाशी बसलेली. त्याने ऐकून घेतलं आणि हसला. “जुन्या घरात लाकूड वाजतं गं. आणि तू दिवसभर मेलेल्या माणसांचे फोटो बघतेस.” पण वरच्या फळ्या बघायला जा म्हटल्यावर उद्या जातो म्हणाला. तो उद्या काही उजाडला नाही.

शुक्रवारी उल्काने योकेबाईंना विचारलं, त्या म्हातारीचं नाव काय हो? योकेबाईंनी आठवलं. “स्टाम. मेव्राऊ स्टाम.” मेव्राऊ म्हणजे बाई, आपण ताई-बाई लावतो तसं.

त्या शेजारच्या गृहस्थांनी तिला जिन्यात गाठलं. भिंती तिथल्या काडेपेटीच्या, त्यांना सगळं आधीच ऐकू गेलेलं. “उल्का, तू तिला ‘या’ म्हणालीस? अगं, त्यांना ‘या’ म्हणायचं नसतं! गुरुवारी रायस्वाइकला जाऊन राहा कुणाकडे. दार बंद ठेव.”

तिचे ओठ पांढरे पडले होते. पण म्हणाली काय? “काका, म्हटलं ते म्हटलं. आमंत्रण दिलेल्या बाईला मी दार लावणार नाही. भुताला भिऊन घर सोडू, मग संस्थेला भिऊन सोडलं असतं तर काय वाईट?”

हसू नकोस, जुई. कोण ते काका म्हणून विचारूही नकोस.

एकोणतीस तारीख. चौथा गुरुवार. सकाळपासून बर्फ. रायस्वाइकच्या दोघी मैत्रिणी येणार होत्या, त्यांची गाडी रद्द झाली. विश्वास रॉटरडॅमला अडकला. उल्काने कलश मांडला, तबकात पाच मँडरिन ठेवली, आणि ती खुर्ची खिडकीपाशी होती तशीच ठेवली.

दिवेलागणीला दार वाजलं. सपाता नव्हत्या, बूट होते. संस्थेचा माणूस. मार्टेन नावाचा, तरुण, सभ्य, ओल्या कोटातला. हातात कागद, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

“मेव्राऊ, इथे सही करा आणि किल्ली द्या. परवाची मुदत आहे. दुसरं घर देतोय आम्ही.”

“परत इथे आणाल?”

“ते... आत्ता सांगता येणार नाही.”

“मग मलाही सही करता येणार नाही. माझ्या बापाने केली होती.”

“मेव्राऊ, या अख्ख्या घरात तुम्ही एकट्या उरलात.”

“एकटी तर एकटी. आज माझी पूजा आहे. मी उठत नाही.”

त्याने सुस्कारा टाकला. कागद पुन्हा पुढे करत होता. थांबला.

वर लाकूड वाजलं.

“वर कुणी राहतं?”

“फळ्या तुम्हीच ठोकल्यात.”

सपाता. एक पायरी. मग दुसरी.

मार्टेन जिन्याकडे वळला. उघड्या दारातून काळोख दिसत होता. पावलं आली... त्याच्या जवळून गेली... खोलीत आली. उल्काच्या मानेवर गारवा आला. तिने डोळे समईवर ठेवले. ज्योत हलली नाही.

मागे खुर्ची करकरली.

मार्टेन उल्काकडे बघत नव्हता. तिच्या खांद्यावरून मागे बघत होता.

“त्या... त्या कोण?”

उल्काने मागे पाहिलं नाही. तिला वाटलं, पाहिलं तर आपला धीर सुटेल. ती म्हणाली, “पाहुण्या आहेत. उद्यापनाला आल्यात.”

“त्या काय म्हणतायत...”

उल्काला काहीच ऐकू येत नव्हतं. काहीच नाही. फक्त बर्फ काचेवर.

मार्टेनने डोक्यावरची टोपी काढली. छातीशी धरली. तसाच मागे सरकत गेला... एक पायरी, दोन... मग धावत सुटला. खालचं दार आपटलं.

आता बघावं लागणार होतं. उल्का वळली.

खुर्ची रिकामी.

दुसरी कुणी असती तर शेजारी पळाली असती. उल्काने निरांजन उचललं. भिंतीला धरून ती शिडीसारखा जिना उतरली, रस्त्याचं दार सताड उघडलं आणि बाजूला उभी राहिली.

“हे दार,” ती वरच्या काळोखाला मराठीतच म्हणाली. “तुम्हाला याच दाराने जायचं होतं ना? जा. कुणी अडवणार नाही. आणि राहायचं असेल तर राहा. मी तर राहणार आहे.”

बर्फ आत येऊन उंबरठ्यावर साचला. निरांजनावर तिने हाताचा आडोसा धरला होता. बराच वेळ.

मग अगदी वर, फळ्यांच्या पलीकडे, एक खुर्ची ओढल्याचा आवाज झाला. कुणीतरी नीट, आरामात बसल्याचा.

उल्काने दार लावलं आणि वर जाऊन आरती केली. खणखणीत आवाजात. शेजारी ऐकू आली.

मुदत गेली. मार्टेन पुन्हा आला नाही. त्याच्या जागी आलेल्या माणसाने खांब पुन्हा तपासायला हवेत असं कळवलं, आणि तपासणी चालूच राहिली. शेजारच्या काकांनी मात्र जागा बदलली, ते रायस्वाइकला राहायला आले.

फेब्रुवारीत नवी तपासणी म्हणून घराचे समोरून फोटो काढायला शहराचा माणूस आला. दुर्बिणीसारखं लांब भिंग लावून त्याने माथ्यापर्यंत सगळं टिपलं. ते फोटो फिरत फिरत उल्काच्याच टेबलावर आले. तिने योकेबाईंना हाक मारली. दोघी वाकून बघत राहिल्या.

तिथे वर शिडी पोचत नाही, खिडकीतून हात पोचत नाही. त्या तुळईच्या टोकाला, आकड्याच्या अगदी वर, दोन ठिपके होते. आपण दर सणाला उंबरठ्याला लावतो तसे, शेजारी शेजारी, बोटाने टेकवलेले.

“गंज आहे,” योकेबाई म्हणाल्या.

लाल ठिपका गंजाचा असेल. पण त्याच्या शेजारचा पिवळा होता.