शेवटचा बदल

"एकोणीस नंबरच्या पंपाचं ड्रॉइंग तुम्ही उघडून बसलायत का?"

फोनवरचा आवाज अनोळखी होता. आणि गोड होता, पण हे मान्य करायला मला दोन आठवडे लागले.

"मी आधी उघडलंय," मी म्हटलं. "तुम्ही नंतर या."

"तुम्ही बंद केल्याशिवाय मला ते हलवता येत नाही."

"हलवायचंय कुठे?"

"नव्या घरी."

"तुम्ही आहात कोण? आधी समोर या, मग बघू काय हलवायचं ते."

कपाटामागे खुर्ची सरकली... आणि फोन कानालाच लावलेला एक उंच माणूस कपाटाच्या कडेनं डोकावला. तीन पावलांवर बसून तो मला फोन करत होता!

आमची कंपनी पंप बनवते. तीस वर्षांची ड्रॉइंग्ज, करार, दुरुस्तीचे अहवाल, सगळं एका जुन्या सर्व्हरवर कोंबलेलं होतं. ते सांभाळायला रेकॉर्ड विभागात मी एकटी, नऊ वर्षं. आता ते नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचं होतं, जिथे एकच कागद सगळ्यांना एकाच वेळी उघडता येईल, दुरुस्त करता येईल. त्यासाठी बाहेरच्या कंपनीतून हा सहा आठवड्यांकरता आला होता. ऑफिसनं पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं — सामानवाला.

काम सोपं होतं. तो विचारणार, मी सांगणार.

"'फायनल', 'फायनल नवीन', 'खरंच फायनल' आणि 'साहेबांचं फायनल'. यातलं खरं कुठलं?"

"'जुनं' नावाचं."

"ते कसं काय?"

"साहेब फिरून फिरून शेवटी जुन्यावरच आले ना!"

तो इतका हसला की खरेदी विभागातल्या काकूंनी चष्मा वर करून पाहिलं. माझ्याकडे.

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही. तो कागदांच्या कडेला माझ्यासाठी शेरे लिहून ठेवायचा. 'हा करार कुठे ठेवू?' आणि त्याखाली, 'जेवलीस का?'

"कामाच्या कागदावर असलं लिहीत जाऊ नकोस," मी दटावलं.

"मग कुठे लिहू?"

शेरा मात्र मी... पुसला नाही. एकदा एकच माऊस धरायला दोघांचे हात पुढे आले, आणि तो सोडायचं दोघंही विसरलो.

"हल्ली सकाळी गुणगुणत असतेस," आई म्हणाली. घरात आम्ही दोघीच. माझ्या नोकरीवर घर चालायचं, आणि माझ्या गुणगुणण्यावर बहुतेक आई.

पाचव्या आठवड्यातला गुरुवार. साहेबांचा फोल्डर नव्या जागी आला होता आणि कुणाला काय दिसतंय, ते मी तपासत होते. एक फाईल उघडली. 'स्थलांतरानंतरची रचना.' विभागांची नावं, पुढे माणसांची संख्या. रेकॉर्ड विभागापुढे शून्य.

फाईल तयार करणाऱ्याचं नाव खाली होतं. त्याचं. तारीख त्या पहिल्या फोनच्या आठवडाभर आधीची.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली. त्यानं एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

"तुला माहीत होतं."

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"त्याच्याही आधीपासून. तेव्हा ती नुसती एक ओळ होती... तू नव्हतीस."

"आणि नंतर? मी एकेक कागद काढून तुझ्या हातात देत होते रे... हसत हसत!"

त्यानं माऊस माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "फाईलचा इतिहास उघड."

कुणी, कधी, काय बदललं याची नोंद तिथे राहते. मी उघडली. त्यानं शून्याचा एक केला होता. साहेबांनी पुन्हा शून्य. त्यानं पुन्हा एक. असं पाच वेळा. कडेला त्याचा शेरा होता, 'यांच्याशिवाय हे कागद कुणाला सापडणार नाहीत.' खाली साहेबांचा, 'सापडावेत म्हणूनच नवीन यंत्रणा घेतली.' शेवटचा बदल त्याच सकाळचा. साहेबांचा.

"रोज सांगायचं ठरवायचो," तो म्हणाला. "पण सांगितलं की तू बोलायची थांबशील... म्हणून आज नको, उद्या. चुकलं माझं. तू आवडतेस मला. खूप."

हेच शब्द ऐकायला मी आसुसले होते. ते आले, आणि मला रडूसुद्धा फुटलं नाही.

सोमवारी साहेबांनी कामावरून कमी केल्याचं पत्र हातात ठेवलं. तरी शुक्रवारपर्यंत मी सगळे कागद लावले. नऊ वर्षं जपलेलं अर्ध्यावर टाकवेना. पाच वाजता स्क्रीननं पासवर्ड मागितला आणि मी दिलेला घेतला नाही. काकूंनी मला पोटाशी धरलं.

तो फाटकाशी उभा होता. बसस्टॉपपर्यंत आम्ही चालत गेलो.

"माझ्याबरोबर ये," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात दुसऱ्या शहरात काम आहे. तुझ्यासारखं माणूस लागेलच."

"तिथेही रेकॉर्ड विभागात कुणीतरी बसत असेल. तिची ओळ लिहून झाली?"

"झाली," तो हळूच म्हणाला. निदान खोटं बोलला नाही.

"आवडतोस तू मला," मी म्हटलं. "हे मी कधीच कुणाला म्हटलं नव्हतं... पण तुझ्याबरोबर येणं नाही जमायचं."

"फोन करू?"

"नको."

"का?"

"मी उचलेन... म्हणून नको."

बस आली. मी चढले नाही. दुसरी आली. तो माझ्याकडे पाहत होता, मी रस्त्याकडे. खांद्याला खांदा लागला होता आणि कुणीच बाजूला होत नव्हतं. तिसरीत मी चढले. वळणापर्यंत मागे पाहिलं नाही. वळणावर पाहिलं... तो तिथेच उभा होता.

आईनं दार उघडलं. "उशीर झाला गं?"

"बस मिळत नव्हती," मी म्हटलं आणि चपला काढायला खाली वाकले. बराच वेळ वाकलेलीच राहिले.