काझुमाची नवरी

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण यातला एक शब्द माझ्या पदरचा नाही. बरंचसं मला साचिएवहिनीनं स्वतः सांगितलं, आणि शेवटचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

फेब्रुवारी महिना होता. जपानातल्या यामागाताकडचं आमचं गाव, चेरीच्या बागांचं. बर्फ खिडकीच्या कडेपर्यंत चढला होता आणि संध्याकाळ दुपारीच उतरायची.

साचिएवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेला. त्याच्याआधी त्यांचा एकुलता एक काझुमा गेला. बर्फावरून मोटारसायकल घसरली. एकोणीस वर्षांचा होता.

पोरगा दिवसभर मांगा, म्हणजे चित्रकथा, काढत बसायचा. मोठ्या डोळ्यांच्या मुली, उडत्या केसांची पोरं. बापाच्या पगाराची पाकिटंसुद्धा त्यानं कोरी सोडली नव्हती.

आमच्याकडे बिनलग्नाचं पोर गेलं, की आईबाप त्याच्या लग्नाचं चित्र काढून टेकडीवरच्या देवळात लावतात. आमच्या बोलीत त्याला मुकासारी म्हणतात. चित्रात शेजारी नवरी असते. तिकडे पोराला सोबत होते, असं म्हणतात.

नियम एकच.

नवरी जिवंत माणूस नको. नाव नको, चेहरा नको. जिचा चेहरा काढाल, तिला तो घेऊन जातो...

देवळातल्या चितारीबुवांनी काढून दिलं असतं. पण वहिनीला ते मिचमिच्या डोळ्यांचे जुन्या वळणाचे चेहरे नको होते.

"वन्सं, असली नवरी आणली तर माझा लेक मांडवातून पळून जाईल," ती मला म्हणाली. "त्याच्या आवडीची काढायची. मीच काढणार."

"तुला साधं मांजर काढता येत नाही वहिनी."

"मांजर कुठं काढायचंय? सून काढायचीय."

साठीला टेकलेल्या बाईनं हातात पेन्सिल धरली ती अशी. गावच्या सभागृहात शनिवारी दुपारी मांगाचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या वाकानाबाई पोरसवदा, जेमतेम पंचविशीच्या. वरच्या ओळीत एक दात दातावर चढलेला. हसल्या की तो आधी दिसायचा, आणि त्या सारख्या हसायच्या.

"काकू, आधी गोल. मग त्यावर फुली. उभी रेघ नाकाची, आडवी डोळ्यांची."

"बाई, माझा गोल बटाटा झाला."

"बटाट्यालाही डोळे असतात काकू. काढा."

वर्ग खो खो हसला. वहिनीही हसली. काझुमा गेल्यापासून ती अशी हसलेली कुणी पाहिली नव्हती.

ती मन लावून शिकली. गोल, फुली, मान, खांदे. हात मात्र काही केल्या जमेनात. बोटं गाजरासारखी यायची. नवशिके हात पाठीमागे लपवतात, तसे तिनं नवरीचे हात किमोनोच्या बाह्यांत लपवले.

एकच गोष्ट तिनं पुन्हा पुन्हा विचारली. "बाई, हा चेहरा कुणासारखा दिसत नाही ना?"

"मांगातला चेहरा कुणाचाच नसतो काकू. ताटलीएवढे डोळे, टिंबाएवढं नाक. असं माणूस असतं का कुठं?"

वहिनीला हेच ऐकायचं होतं.

चित्र कुणासाठी, हे मात्र तिनं वर्गात सांगितलं नाही. भाच्याच्या लग्नात भेट द्यायचंय म्हणाली. खरं सांगितलं तर बाई घाबरतील आणि शिकवायचं सोडतील, ही भीती.

नवरा चांगला जमला. नवरीचे डोळे तेवढे राहिले. वहिनी काढायची, खोडायची. शेवटी कागद फाटायची पाळी आली.

"द्या इकडे," वाकानाबाई म्हणाल्या. "लग्न आहे ना? मग नवरी हसरी हवी."

आणि त्यांनी दोन डोळे काढले. ओठांची एक रेघ ओढली. नवरी जिवंत झाली.

चित्र काढणाऱ्याचा हात नकळत स्वतःचाच चेहरा काढतो. हे वाकानाबाईंनीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. त्या घटकेला ते दोघींपैकी एकीलाही आठवलं नाही.

वहिनीनं घरी शाई भरली. चित्र खालच्या खोलीत सुकत ठेवलं. स्टोव्हवर किटली. बाहेर बर्फाचा आवाजच नसतो, त्यामुळे घरातला बारीकसा आवाजही ऐकू येतो.

वरून आवाज आला...

कर्र... कर्र...

कागदावर टाक घासल्याचा. काझुमाच्या खोलीतून.

त्या आवाजावर ही बाई वर्षानुवर्षं जेवायला वाढायची. ओळखायला चुकणार कशी?

ती जिना चढली. दार उघडलं.

खोलीत कुणी नाही. टाक कोरडा. टेबल रिकामं.

फक्त टेबलावर खोडरबराचा चुरा... ताजा.

ती खाली आली. चित्राकडे पाहिलं.

नवरीचा एक हात बाहीतून बाहेर आला होता. सुरेख हात. पाचही बोटं जिथल्या तिथे. नवऱ्याच्या हातात घट्ट धरलेला.

वहिनीला हात काढता येत नव्हते.

"भीती वाटली का गं?" मी तिला नंतर विचारलं.

"भीती कसली वन्सं. मी रडले. म्हटलं, पसंत पडली त्याला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं चित्र उजेडाला धरलं. नवरीच्या ओठांच्या कोपऱ्यात एक बारीक त्रिकोण उमटला होता. मांगात सुळा दाखवायला काढतात तसा.

दातावर चढलेला दात...

तिनं पात्यानं शाई खरवडली. दुपारी पाहिलं तर त्रिकोण परत तिथेच.

शनिवारी वर्गावर वाकानाबाई आल्या त्या भिंतीला धरून. चेहरा कागदासारखा पांढरा.

"बाई, दवाखान्यात जाऊन आलात का?"

"गेले होते काकू. काही नाही म्हणतात. झोपच लागत नाही. डोळा लागला की एक मुलगा समोर बसलेला दिसतो. हातात टाक. मला म्हणतो... हलू नकोस, थोडंच राहिलंय."

वहिनीनं पेन्सिल खाली ठेवली.

बाईंनी नेहमीसारखं हसायचा प्रयत्न केला. "अनोळखी मुलगा, आणि हुकूम बघा कसा सोडतो."

वहिनी घरी गेली ती तडक. चित्र हातात घेतलं. एका बाजूला लेक, एका बाजूला परक्याची लेक. तिलाही कुठेतरी आई होतीच की. वहिनी सांगते, स्टोव्हचं झाकण उघडून ती किती वेळ बसली ते तिलाच कळलं नाही.

मग तिनं चित्र आत टाकलं.

वर धाडकन काहीतरी आपटलं. खुर्ची मागे सारून कुणी रागानं उठावं तसं. नंतर चिडीचूप.

"मीच त्याचं लग्न मोडलं वन्सं," इतकंच म्हणाली ती.

पुढच्या शनिवारी वाकानाबाई टवटवीत. गालांवर रंग आलेला. वहिनीनं दारातूनच पाहून हात जोडले.

गोष्ट इथे संपायला हवी होती.

त्या दिवशी वर्गात माझी धाकटी लेक होनोकाही होती. पुढचं तिनं मला घरी येऊन सांगितलं.

बाईंनी फळ्यावर नमुना म्हणून एक मुलगा काढला. झरझर, खडू न उचलता. शेजारी नुसता गोल आणि फुली.

"आजचा अभ्यास. हा मुलगा उतरवून घ्या. शेजारच्या गोलात स्वतःचा चेहरा काढा."

सगळ्या पोरी, होनोकासुद्धा, खाली माना घालून कामाला लागल्या.

वहिनी तेवढी उभीच. फळ्यावरच्या मुलाची एक बट कपाळावर आली होती. डाव्या भुवईत खाच होती. काझुमा लहानपणी पर्सिमनच्या झाडावरून पडला होता, त्याची.

त्याचा फोटो वाकानाबाईंनी कधी पाहिलाच नव्हता.

"बाई... हा कोण?"

"कुणीच नाही काकू. सहज सुचला."

होनोका म्हणते, मामी ओरडली नाही, घाबरली नाही. फळ्याजवळ गेली आणि त्याच्याकडे बघत राहिली. मग वर्ग सुटताना तिनं सगळ्यांचे कागद मागून घेतले. आठवण म्हणून. म्हातारीला नाही कोण म्हणणार?

मी म्हटलं, बरं केलं. नेऊन जाळेल.

चार दिवसांनी मी तिच्याकडे गेले. तिनं चहा ठेवला, मुळ्याचं लोणचं काढलं. चेहरा शांत, केस नीट विंचरलेले.

"वहिनी, कागद जाळलेस ना गं सगळे?"

"जाळले हो." ती खिडकीतल्या बर्फाकडे बघत म्हणाली.

मी काझुमाला हात जोडायला देवघरापाशी गेले. त्याच्या फोटोसमोर रोज भाताची एक वाटी असते.

त्या दिवशी दोन होत्या. दोन्हींतून वाफ येत होती...

"दुसरी कोणाची?"

"सुनेची."

"वहिनी!"

"यायचीय अजून ती," वहिनी म्हणाली. माझ्या कपात चहा ओतला आणि अगदी सहज विचारलं, "होनोका कशी आहे हो?"

मी बरी आहे म्हणाले. चहा न पिताच उठले.

त्याच आठवड्यात होनोकाला मी तिच्या मावशीकडे निगाताला धाडलं. तिचा कागद जळला की नाही, मला माहीत नाही. पुन्हा विचारायचा धीर होत नाही. रोज सकाळी फोन करते. ती उचलेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो.