दुमडलेलं टोक

शुक्रवारी संध्याकाळी एल्मर हॉकेनबेरी स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी जाड लोकरी कापडाच्या चकत्या कापत बसले होते. दुसऱ्या दिवशी फुटबॉलचा सामना असला की हे काम ठरलेलं. ज्याच्या टाचेला बूट चावत असेल त्याच्या मापाची चकती. त्यांची मुलगी लुएला पातेल्यातली सफरचंदं ढवळता ढवळता वाचत होती.

"तुझ्या त्या पुस्तकात कुणाचा पाय मुरगळतो का गं?"

"निम्मं पुस्तक झालं, अजून कुणी धावलेलंच नाही."

"मग कसली डोंबलाची गोष्ट! उद्या मैदानावर ये. माणसं धावताना तरी दिसतील."

"थंडी असते, पॉप."

"हे तू दर शुक्रवारी म्हणतेस. सप्टेंबरात घामाच्या धारा लागल्या होत्या, तेव्हासुद्धा म्हणाली होतीस."

ती हसली. तेही हसले. मग मान वर न करताच, कात्री चालवत ते म्हणाले, "तू माझ्यापायी इथं अडकलीस, लू. तुझी आई गेली तेव्हाच मी तुला पिट्सबर्गला परत पाठवायला हवं होतं."

आईच्या अंत्यविधीसाठी लुएला पिट्सबर्गच्या ग्रंथालयातली नोकरी आठवडाभरासाठी सोडून आली होती आणि मग परत गेलीच नव्हती. त्यालाही बरीच वर्षं झाली होती. उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं, पण सफरचंदं तळाला लागल्याचा वास आला. ती पातेल्याकडे वळली. परत फिरून पाहिलं तर ते शीळ घालत चकत्या पिशवीत भरत होते. इतक्या साध्या गोष्टीला काय घाई, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सामन्याच्या उत्तरार्धात, मैदानाकडेच्या बाकावर, एल्मर हॉकेनबेरी बसल्या जागी गेले. शेजारच्या खेळाडूला वाटलं, ते पेंगताहेत. त्याने त्यांच्या खांद्यावर आपलं जाकीट टाकलं.

ते १९५१ साल होतं. ॲश रन हे पेनसिल्व्हेनियातलं कोळशाचं गाव, आणि तिथल्या छोट्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉलचा संघ त्या वर्षी हरतच होता. बुधवारी त्याच मुलांनी शवपेटी खांद्यावर घेतली. दोघं लंगडत होते. अंत्यविधी आटोपून मुलं सरळ सरावाला गेली, कारण हंगाम अर्धा उरला होता आणि हंगाम कुणासाठी थांबत नसतो.

लुएलाचे वडील संघाचे ट्रेनर होते; मुलंही त्यांना पॉपच म्हणत. स्टेडियमच्या पायऱ्यांखाली काँक्रीटची एक खोली होती, तिच्यात एक उंच लाकडी टेबल. सामन्याआधी एकेक मुलगा येऊन त्यावर डोळे मिटून आडवा व्हायचा आणि एल्मर त्याचे घोटे पांढऱ्या चिकटपट्टीने बांधायचे. काम झालं की तळव्यावर दोन थापा. म्हणजे ऊठ, पुढच्याला येऊ दे. पट्टीचं शेवटचं टोक ते आत दुमडत, म्हणजे खेळ संपल्यावर चिखलाने बधिर झालेल्या बोटांना ते चटकन सापडे. आता ते काम सहायक कोच क्लाइनकडे आलं होतं. क्लाइन कात्रीने पट्टी कचकन तोडायचे आणि शिव्या घालायचे. टोक दुमडत बसण्याएवढा धीर त्यांच्यापाशी नव्हता.

अंत्यविधीनंतरचा पहिला सामना झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी स्टॅन वोयचिक लुएलाच्या दारात उभा राहिला. खाणकामगाराचा मुलगा, दाराएवढा रुंद. त्याचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं आणि हंगामानंतर सैन्यात जायचं होतं. लुएलाने त्याच्यापुढे बशीत ॲपल पायचा तुकडा ठेवला. त्याने काट्याला हातही लावला नाही.

"मिस हॉकेनबेरी, तुम्ही मला वेडा म्हणाल."

"ते तर पॉप गेली तीन वर्षं म्हणत होते."

तो हसला नाही. त्याने खिशातून कापलेली, चिखल वाळलेली पट्टी काढून टेबलावर ठेवली. लुएलाने ती उलटून पाहिली. टोक आत दुमडलेलं होतं. कोपरा नीट, तिरका.

"जुनी असेल."

"कालची आहे. कोच क्लाइन माझा डावा पाय बांधून फोन घ्यायला गेले. मी डोळे मिटून पडलो होतो. उजवा बांधला गेला. तळव्यावर दोन थापा बसल्या. उठून बघतो तर खोलीत कुणी नाही. कोच अजून बाहेर फोनवर ओरडत होते."

"कुणीतरी मस्करी केली असेल."

"हो. तसंच असेल." तो बशीतल्या तुकड्याकडे बघत राहिला. "हात फार गार होते."

लुएलाने ती पट्टी केराच्या डब्यात टाकली. संध्याकाळी पुन्हा बाहेर काढली.

बाहेरगावच्या सामन्यात काहीच घडलं नाही. घरच्या मैदानावरच्या पुढच्या सामन्यानंतर मात्र वाण्याच्या दुकानात कोच क्लाइन तिला भेटले. हवापाण्याचं बोलले, पीठ महागल्याचं बोलले, आणि जाता जाता म्हणाले, "मी हल्ली आत जात नाही, लुएला."

"म्हणजे?"

"दाराबाहेर सिगरेट ओढत उभा राहतो. मुलं एकेक करून आत जातात, बांधून बाहेर येतात. मी आत डोकावलो की काम अर्धवट राहतं." त्यांनी टोपी उगाचच सारखी केली. "एकाचाही पाय मुरगळलेला नाही. तू हे कुणाला सांगू नकोस बरं का. लोक आधीच म्हणतात, क्लाइन प्यायला लागलाय."

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी हंगामातला शेवटचा सामना होता. नंतर ते टेबल घडी करून बॉयलरच्या खोलीत जायचं, ते थेट पुढच्या ऑगस्टपर्यंत. आणि ऑगस्टात नवा ट्रेनर येणार होता. त्या आठवड्यात लुएला स्वतःच स्टॅनला गाठायला कॉलेजच्या फाटकाशी गेली.

"तू त्यांच्याशी कधी बोललास?"

कुणाशी, असं त्याने विचारलं नाही. "एकदा. म्हणालो, जरा आवळतंय, पॉप. लगेच सैल झालं."

"म्हणजे ऐकू येतं."

"येतं. पण डोळे उघडायचे नाहीत. आमच्या बर्टने गाढवासारखे किलकिले केले. पट्टी तिथंच लोंबत राहिली." मग तो हळूच म्हणाला, "आम्ही मैदानावर गेलो की खोली रिकामी असते. दाराला कडी नसेल."

बायकांना त्या खोलीत मज्जाव होता. शनिवारी दुपारी ती आत शिरली तेव्हा कुणी पाहिलं नाही. सारं गाव वर, पायऱ्यांवर होतं. खोलीत मलमाचा उग्र वास, ओले टॉवेल, भिंतीला टेकवलेली फुटकी हेल्मेटं. डोक्यावरच्या काँक्रीटमधून हजारो पायांची धडधड झिरपत होती.

तिने बूट काढले. मोजे काढले. टेबलावर आडवी झाली आणि डोळे मिटले.

बराच वेळ काहीच झालं नाही. वर लोक ओरडले, थांबले, पुन्हा ओरडले. आपण चाळिशीची बाई अनवाणी पायांनी मुलांच्या टेबलावर काय करतोय, असं तिच्या मनात आलं. उठावं म्हणून तिने कोपर टेकलं.

तेवढ्यात पट्टी उलगडल्याचा आवाज आला. चर्र.

ती पुन्हा पाठ टेकून पडली.

उजव्या टाचेखाली एक तळवा आला. गार, कोरडा. पाऊल काटकोनात आणून त्याने धरलं. घोट्याभोवती एक वेढा बसला. दुसरा. ना घट्ट, ना सैल.

श्वास ऐकू येत नव्हता.

डावा पाय. वेढा, वेढा. अंगठ्याने टोक दुमडून दाबलं.

आता थापा पडतील, मग उठायचं. तिने वाट पाहिली.

थापा पडल्या नाहीत.

दोन्ही टाचांखाली दोन तळवे तसेच राहिले. काहीतरी ऐकायचं असल्यासारखे. वरची गर्दी एकाएकी गप्प झाली होती.

हळूहळू ते तळवे ऊबदार होऊ लागले. आणि तिची पावलं गार पडू लागली, आधी बोटं, मग घोटे, मग पोटऱ्या. तिने पाय मागे घेतले नाहीत. डोळेही उघडले नाहीत.

"मी अडकले नव्हते, पॉप," ती म्हणाली. "मला इथंच राहायचं होतं. तुमच्याजवळ."