सवयीचं चालणं

बालसुरक्षा प्रयोगशाळेच्या कॉरिडॉरमध्ये हेमांगी तांडेलने चौथं पाऊल टाकलं आणि छातीवरची झोळी चौथ्यांदा फुगली. आतली पाच महिन्यांची अन्वी भेदरून रडू लागली.

लहानपणच्या अपघातानंतर हेमांगीचा उजवा पाय चार बोटं आखूड राहिला होता. अपंग आईला तान्ह्या मुलासोबत घरी एकटं राहायचं तर संगोपन-दाखला लागे, आणि दाखल्यासाठी ही संतुलन-झोळी घालून वीस पावलं चालून दाखवावी लागत. धडधाकट आयांकडे असला दाखला कोणी मागत नसे. त्यांच्या हातून मुलं पडतच नाहीत, असा सरकारचा समज असावा.

"झोळीला पडणं कळत नाही," ती घडवणारे डॉ. सबनीस म्हणाले. "तिला फक्त सवयीचं चालणं कळतं. त्याहून वेगळं काही जाणवलं, की आई पडतेय असं समजून ती बाळाभोवती फुगते."

"कोणाच्या सवयीचं?"

सबनीस ओशाळले. "आमच्याच विभागातली माणसं इथे चालली, त्यावरून शिकवलं तिला."

"मग आता माझं चालणं शिकवा."

निरीक्षक इनामदारबाईंनी तोवर अहवालात 'माता अयोग्य' लिहिलंही होतं. "नाचता येईना अंगण वाकडं," त्या पुटपुटल्या. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, पण बाईंना ते सांगणार कोण?

तीन आठवडे हेमांगी झोळीत वाळूची पिशवी घालून त्याच कॉरिडॉरमध्ये चालली. मग अन्वीला घेऊन वीस पावलं झाली. झोळी फुगली नाही, पोर झोपून गेली. हेमांगीला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही.

सही करण्यापूर्वी नियमाप्रमाणे इनामदारबाईंनी वाळूची पिशवी घेऊन स्वतः झोळी घातली. पहिल्याच पावलाला ती फुगली. दुसऱ्यालाही.

"बिघडलीय ही."

"नाही बाई," सबनीस म्हणाले. "आता तिला ह्यांचं चालणं सवयीचं आहे. तुम्ही पडताय असं वाटतंय तिला."

"माझ्यावर फुगली तेव्हा खोट माझ्यात होती," हेमांगी म्हणाली. "तुमच्यावर फुगली तर झोळीत?"

'यंत्र सदोष' असं लिहून बाईंनी दुरुस्तीचा आदेश दिला. सबनीसांनी मान खाली घालून हेमांगीचं चालणं पुसलं. त्याला चार सेकंद लागले. बाई पुन्हा वीस पावलं चालल्या, झोळी शांत राहिली.

"आता कशी ठीक झाली," म्हणत त्यांनी झोळी उतरवून हेमांगीपुढे धरली. "चला, दाखल्यासाठी चालून दाखवा."