मैना लंगडली ती वाट

“मग तिच्यावर बसून का येत नाहीस?”

हे मी माझ्या मोठ्या भावाला, रतनदादाला, फोनवर विचारलं होतं. त्याने फोन ठेवला. तो बसून का आला नाही, हे नंतर मी गोपीनाथकाकांना विचारलं, आईला विचारलं.

गोपीनाथकाका घोड्यांना नाल मारतात. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर त्यांचं घर आहे. रात्री जेवणं झाली की ते पोरांना ही गोष्ट सांगतात. म्हणतात, माझ्या ओळखीच्या एकाबरोबर घडलंय, खोटं नाही. तो एक म्हणजे मी, सुदेश. काका गोष्ट रंगवतात. मी सातवी नापास, मला ते जमत नाही. झालं तसं सांगतो.

मानपाड्याला आमच्या तीन घोड्या. रविवारी हौशी लोकांना टेकडीवर फिरवून आणायचं, हा धंदा. सगळं दादाच बघायचा. लहानपणी घोडीवरून पडून त्याचा उजवा पाय अधू झालेला, ओढत चालायचा. डिसेंबरात एका संध्याकाळी त्याने वर्तकनगरच्या एकाला मैना घोडीवरून वर नेलं. तो माणूस वरूनच गाडीने गेला. परत येताना मैना अचानक लंगडायला लागली. दादाने मला फोन केला.

“सुदेश, टेम्पो घेऊन ये रे. हिला पुढचा डावा पाय टेकवत नाहीये.”

मी मित्रांबरोबर भुर्जी खात बसलेलो. म्हटलं, “दोन किलोमीटर तर आहे! आणि तुझा पाय तसला. मग तिच्यावर बसून का येत नाहीस?”

तो तिला धरून चालत निघाला. दोघंही लंगडत. खाली खडीच्या डंपरांचा रस्ता आहे, तो ओलांडावा लागतो. तिथे डंपर…

मैनाला खरचटलंसुद्धा नाही.

तिचा पाय काकांनी आपल्या घरी ठेवून बरा केला. दगड लागून तळवा दुखावला होता, एवढंच. पाच फेब्रुवारीला, बुधवारी, मी तिला आणायला गेलो. कामावरून सुटून पोचेपर्यंत सात वाजलेले.

“उद्या उजेडी ने,” काका म्हणाले.

“आताच नेतो.”

“मग धरून ने. वर बसू नकोस. अरे, तुझा दादा असता तर…”

“नाहीये ना तो!”

काकांनी दोर माझ्या हातात दिला. वळणावर काकांचं घर दिसेनासं झालं आणि मी तिच्यावर बसलो. खरं सांगायचं तर मला तिचा राग होता. ती जिवंत होती.

अर्धा चंद्र होता, वाट दिसत होती. दहा मिनिटं ती नीट चालली. मग दादा उतरला होता ती वाट लागली आणि एकदम तिने मान वर झटकली. दर पावलाला झटकायला लागली, दुखरा पाय टेकताना घोडी झटकते तशी. पुढचा डावा. तोच.

उतरलो. पाय मांडीवर घेतला. मोबाईलच्या उजेडात खूर साफ करून बघितला. खडा नाही. नाल घट्ट. खूर गार, म्हणजे सूज नाही. बोटाने दाबून बघितलं, ती शांत.

धरून चालवली. सरळ चालली.

बसलो. लंगडली.

“नाटकं करतेस?” मी टाच मारली. ती जागेवर उभी राहिली. मग उतरलो तरी हलेना. सगळं अंग थरथरत होतं तिचं. मी चुचकारलं, ओढलं, शिव्या दिल्या. काकांना फोन लावला, रेंज नाही. शेवटी तिच्या मानेला डोकं लावून रडलो. दादाला लगेच कळलं असतं काय झालंय. मला काहीच कळत नव्हतं.

तेव्हा पुढे वाटेवर आवाज आला.

एक पाऊल. मग घासत ओढलेलं दुसरं.

मैनाने कान टवकारले.

पाऊल… फरपट. पाऊल… फरपट.

“दादा?”

माझ्या हातातला दोर पुढे ताणला गेला. मी सोडला. मैना चालायला लागली. सरळ, मान खाली घालून. मी मागून धावलो. कितीही धावलो तरी ती तेवढीच पुढे.

“दादा, बोल ना रे…”

पाऊल… फरपट.

खाली दिवे दिसले. डंपरांचा रस्ता. तो कुठे चाललाय ते मला तेव्हा कळलं.

“दादा, थांब!”

थांबला नाही.

“मी आलोय ना! थांब ना!”

डावीकडून डंपर येत होता. भरलेला, उतारावर. फरपट रस्त्याच्या कडेला पोचली. खडीवर… मग डांबरावर…

मी मैनाला मागे टाकून सुसाट पुढे गेलो आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो. दोन्ही बाजूंना एकेक हात. एका हातात मोबाईलचा उजेड. ब्रेक किंचाळले. डंपर माझ्यापासून हातभर अंतरावर थांबला.

“ए येड्या, मरायचंय काय?” ड्रायव्हर ओरडला.

मी मागे बघितलं नाही. माझ्या पाठीमागून टापा वाजत होत्या, हळूहळू. आणि त्यांच्यापुढे ती फरपट.

ड्रायव्हर हॉर्न दाबणार होता. त्याचा हात तसाच राहिला. तो माझ्या खांद्यावरून मागे बघत होता.

“पाय दुखावलाय वाटतं त्याचा,” तो म्हणाला. “जाऊ दे. सावकाश जाऊ दे.”

त्याने इंजिन बंद केलं.

टापा थांबल्या. फरपट थांबली. मी मान वळवली. पलीकडच्या दिव्याच्या खांबाला मैना बांधलेली होती. दोर दोनदा गुंडाळून, वर घट्ट गाठ, दादा मारायचा तशी. जवळ कोणी नव्हतं.

मागे टँकर लागला, रिक्षा लागल्या. सगळे हॉर्न वाजवायला लागले.

“गेला ना तो,” ड्रायव्हर म्हणाला. “आता तरी हो बाजूला.”

मी हात खाली घेतले नाहीत. दादाला रस्ता ओलांडायला वेळ लागतो.