बोटभर जास्तीची जागा

शिंपीणबाई डिटेक्टिव्हसमोर बसल्या खऱ्या, पण त्यांची नजर होती त्याच्या मेहुण्याच्या शर्टावर. पोटावरचं बटण कसंबसं तग धरून होतं.

"शिवणीत बोटभर कापड सोडलंय," त्या म्हणाल्या. "सैल होईल. शिवणाऱ्याचा हात चांगला आहे."

"ताईने शिवलाय," मेहुणा म्हणाला. ताई म्हणजे डिटेक्टिव्हची बायको. तिला जाऊन वर्ष झालं होतं.

"काम सांगा, बाई," डिटेक्टिव्ह म्हणाला.

बाई संध्याकाळी वेबसाइट बनवण्याच्या क्लासला जात. तिथले मास्तर फार शिकवत नसत. चांगली साइट निवडा, तिचे भाग सुटे करून ती कशी बांधलीय ते बघा, मग स्वतःची करा, एवढंच सांगत. बाईंना हे लगेच पटलं. शिवणही त्या चांगले कपडे उसवूनच शिकल्या होत्या. त्यांनी एका संग्रहालयाची साइट निवडली, तिची मापं घेतली, आपलं पान आधी कागदावर आखलं आणि मग कॉम्प्युटरवर केलं. ज्याचं पान सर्वांत चांगलं, त्याला सार्वजनिक वाचनालयाच्या साइटचं काम मिळणार होतं.

पण क्लासमधल्या एका फोटोग्राफरने हुबेहूब तसंच पान दोन दिवस आधी दिलं. बाई नक्कलखोर ठरल्या. मास्तरांनी सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

"सुईत दोरा ओवताना आता डोळे दगा देतात," बाई म्हणाल्या. "हेही गेलं तर मी करू काय?"

मास्तर भेटले ते वैतागलेलेच. दोघांनी एकच साइट अभ्यासली, थोडं साम्य येणारच, पण इतकं? आधी दिलं त्याचं, असा निवाडा त्यांनी करून टाकला होता. बाईंचा आखलेला कागद मात्र आठवडाभर क्लासच्या टेबलावर पडून होता, हे त्यांनी कबूल केलं. त्यावर सगळे चहाचे कप ठेवायचे.

फोटोग्राफर टापटिपीचा माणूस. संग्रहालयाच्या साइटवरूनच शिकलो, म्हणाला. आपल्या फोटोंची तारीफही त्याने स्वतःच केली. "कडेला केसभर फालतू जागा दिसली तरी मला चैन पडत नाही. कापून टाकतो."

जिना उतरताना मेहुणा म्हणाला, "भाऊजी, हा खरा वाटतो."

"तुला शर्टाचं बटण सांभाळता येत नाही, माणसं काय ओळखणार?"

घरी डिटेक्टिव्हने दोघांची पानं शेजारीशेजारी उघडली. दोन्हींत नऊ चौकटी, आणि प्रत्येक चौकटीच्या उजव्या कडेला बोटभर जागा रिकामी. मेहुणा म्हणाला, दोघंही सारखेच गबाळे.

सोमवारी डिटेक्टिव्ह बाईंना घेऊनच क्लासमध्ये गेला आणि त्या जागेवर बोट ठेवून त्याने फोटोग्राफरला विचारलं, "ही कशाला?"

"संग्रहालयाच्या साइटवर आहे."

डिटेक्टिव्हने ती साइट उघडली. सगळ्या चौकटी कडेपर्यंत भरलेल्या.

"मग राहून गेली असेल."

"नऊ वेळा? केसभर जागा न खपणाऱ्या माणसाच्या हातून?" डिटेक्टिव्ह बाईंकडे वळला. "बाई, तुम्ही का सोडलीत?"

बाई गोंधळल्या. "शिवणीची जागा. उद्या सैल करायचं झालं तर? कागद आखताना हात आपोआप सोडतो."

"साइटला शिवण नसते," डिटेक्टिव्ह मास्तरांना म्हणाला. "मूळ साइटवर ही जागा नाही, म्हणजे ती दोघांपैकी एकाने आणली. फोटोग्राफर ती कापून टाकेल, शिंपी सोडेल. याने टेबलावरचा कागद मापासकट उतरवला."

फोटोग्राफरने मान खाली घातली. "बांधणी जमतच नव्हती. ती जागा म्हणजे काहीतरी नियम असेल असं वाटलं. बाई, चुकलो."

मास्तरांनी बाईंची माफी मागितली आणि वाचनालयाचं काम त्यांना दिलं. फोटोग्राफरला त्यांनी बाईंच्या शेजारी बसवलं, उसवायला शिकण्यासाठी.

पुढच्या आठवड्यात वाचनालयाने म्हाताऱ्या वाचकांसाठी अक्षरं मोठी करून मागितली. बाईंनी चौकटी सैल केल्या. पान जरासुद्धा विस्कटलं नाही.

मेहुण्याचा शर्टही बाईंकडून सैल होऊन आला. बटण आता आरामात लागलं.

"भाऊजी, माझं पोट सुटणार हे ताईला ठाऊक होतं."

डिटेक्टिव्हने शिवणीवरून हलकेच अंगठा फिरवला.

"आत अजून अर्धं बोट आहे," तो म्हणाला. "चल, जेवून घेऊ."