रेघांमधलं अंतर

धाकटीला ही नोकरी थोरलीनेच लावून दिली होती. ऑफिसात ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण हल्ली कुणी बोलून दाखवत नव्हतं.

काम वटवाघळांचं. संध्याकाळी पुलाखाली, पडक्या गोदामात, टाकीपाशी रेकॉर्डर लावून यायचं आणि दुसऱ्या दिवशी त्यात सापडलेल्या हाका कुठल्या जातीच्या ते ओळखायचं. या हाका इतक्या उंच पट्टीच्या की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. म्हणून संगणकावर त्यांचं चित्र काढायचं. नालनाक्या वटवाघळाची रेघ सरळ, आडवी. चिमुकल्या पिपिस्ट्रेल जातीची हॉकीच्या काठीसारखी वळलेली. या रेघा बघता बघता थोरलीला चष्मा लागला होता. धाकटी मात्र आवाज दहापट संथ करायची, हेडफोन लावायची, डोळे मिटायची आणि जात सांगून मोकळी व्हायची. चुकायची नाही. कानामागून आली नि तिखट झाली, दुसरं काय!

घरीही तेच. आई फोनवर आधी विचारायची, "छोटी जेवली का?" थोरलीच्या जेवणाची चौकशी राहूनच जायची. थोरलीला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटतं याचाही राग यायचा.

अशात दगडी पुलाच्या कमानीखालच्या रेकॉर्डरमध्ये ती हाक आली. वटवाघळांच्या रेघा बहुधा वरून खाली उतरतात. ही खालून वर चढत होती. कुठल्याच जातीशी जुळेना. रेकॉर्डर धाकटीने लावलेला. साहेब खुर्ची सोडून बघायला आले.

"नवी जात निघाली तर नाव होईल पोरी तुझं," ते म्हणाले.

थोरली चहा ढवळत राहिली. साखर केव्हाच विरघळली होती.

धाकटी मात्र दिवसेंदिवस उतरत चालली. एका दुपारी तिने थोरलीला बोलावलं.

"ताई, हे बघ ना. दोन हाकांमधलं अंतर रोज कमी होतंय."

"मग? भक्ष्य जवळ आलं की वटवाघूळ भरभर हाका मारतं. मीच शिकवलंय तुला."

"पण ते क्षणात होतं गं. हे रोज थोडं थोडं होतंय." ती घुटमळली. "आणि माझा आवाज संपला की सुरू होतं."

रेकॉर्डर लावणाऱ्याने सुरुवातीला माईकजवळ आपलं नाव, जागा आणि तारीख बोलायची पद्धत होती, नाहीतर फायलींची सरमिसळ व्हायची. थोरलीने तपासलं. खरंच होतं. मध्ये एकदा ड्रायव्हरने त्याच कमानीखाली रेकॉर्डर लावला होता. त्याच्या नावानंतर नुसती पिपिस्ट्रेलं होती.

"आपण हे बंद करूया," धाकटी म्हणाली. "मला नकोय ते नावबिव."

थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वाढलेल्या ताटावर बसून नको नको म्हणायचं, ही हिची लहानपणापासूनची रीत. म्हणजे आणखी आग्रह होतो.

"नको ना? मग यापुढे मी लावते."

"ताई, नको. ऐक माझं."

"का? स्वतःचं सोडवत नाही वाटतं?"

धाकटीचे डोळे भरून आले. थोरलीला बरं वाटलं.

दिवसाउजेडी ती कमानीखाली गेली. ओल्या दगडाचा आणि विष्ठेचा उग्र वास येत होता. माईकजवळ तोंड नेऊन तिने आपलं नाव ठसक्यात, दोनदा घेतलं. एवढ्यावर भागेना. ऑफिसात परतून तिने जुन्या फायलींमधला धाकटीचा आवाज कापला आणि प्रत्येकीच्या सुरुवातीला आपला जोडला. आता सगळंच तिचं झालं.

दुसऱ्या दिवशी धाकटी टवटवीत दिसली. "काल शांत झोप लागली गं," ती म्हणाली. तिला तसं बघून थोरलीला पुन्हा खुपलं.

साहेबांनी फायली ऐकल्या. "अरे, हे तुमचं आहे होय? मी उगाच त्या पोरीचं समजत होतो."

थोरली सुखावली. मग तिने कमानीखालून आणलेली नवी फाईल उघडली.

रेघांमधलं अंतर पुन्हा पहिल्याइतकं झालं नव्हतं. धाकटीच्या जिथे थांबल्या होत्या, तिथूनच पुढे सुरू झाल्या होत्या. हाक कशावर तरी आपटून परत आली की रेघेमागे फिकट सावली उमटते. इथे सावली रेघेला चिकटली होती, म्हणजे हाक अगदी जवळच्या कशावर तरी आपटत होती.

टेबलावर ठेवलेल्या रेकॉर्डरचा लाल दिवा आपोआप लागला.

भर दुपार होती. पंखा फिरत होता, साहेब फोनवर हसत होते. रेकॉर्डर काहीतरी टिपत होता.

दिवा विझला. थोरलीने ती ताजी फाईल उघडली. रेघा दाटत दाटत गेल्या आणि त्यांचा काळा पट्टा झाला.

मग काही नाही.

धाकटी मागून आली. तिने हेडफोन लावले, डोळे मिटले.

"संपलं," ती हळूच म्हणाली. "पकडलं की हाका थांबतात. तोंडात घास असतो ना."

याही वेळी तिनेच आधी ओळखलं. थोरलीचा जळफळाट झाला.

"कळतंय मला," ती म्हणाली.

धाकटीने डोळे उघडले आणि इकडेतिकडे पाहिलं.

"साहेब, ताई कुठे गेली?"

"आत्ता इथेच तर होत्या."

"अगं छोटे!" थोरली ओरडली. ती आपल्या खुर्चीत बसली होती.

"येतील," साहेब म्हणाले. "तोवर तू बघ. तुलाच जमतं ते."

धाकटी थोडा वेळ दाराकडे बघत उभी राहिली. मग ती ताईच्या खुर्चीत बसली, आणि बसताच दचकली.

"खुर्ची गरम आहे अजून," ती म्हणाली.